दुखत नाही, मग राहू दे

[दृश्य : पेटलेली चूल, तव्यावर तंबाखू]

तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, झाली मिश्री. चिमूटभर बोटावर घेऊन दातांवरून फिरवायची. घरातल्या पोरी हे बघतच मोठ्या होतात.

मग कधीतरी गालाच्या आत पांढरा चट्टा उमटतो. तिखट झोंबायला लागतं. तोंड पहिल्यासारखं उघडत नाही, भाकरीचा घास लहान करावा लागतो. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती डॉक्टरला दाखवायची. तोंडाच्या कॅन्सरवर पहिला उपाय बहुतेकदा ऑपरेशन, गरज पडली तर पुढे शेक. शेक म्हणजे रेडिएशन. वॉर्डात हाच शब्द चालतो.

स्तनातली कॅन्सरची गाठ सहसा दुखत नाही, तिथंच ती फसवते. बोंड आत ओढलं जातं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. लवकर कळलं तर स्तन वाचवूनही ऑपरेशन होतं. केमो, शेक की रोजची गोळी, हे गाठीच्या प्रकारावर ठरतं.

[दृश्य : गावातलं उपकेंद्र, बाहेर बसलेल्या बायका]

सगळ्यात उशिरा बोललं जातं ते गर्भपिशवीबद्दल. अंगावर वास येणारं पाणी जातं. संबंधानंतर रक्त दिसतं. पाळी जाऊन वर्षं लोटली, तरी पुन्हा डाग पडतो. 'उष्णता झाली असेल,' म्हणत बाई अंगावर काढते.

खरं तर गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सावकाश वाढतो. त्याला आधीच गाठायला हाताशी वर्षं असतात. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. मुंबईचं टाटा आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. ज्या गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झाली, तीही एकदाच, तिथं आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्म्यावर आले.

मुंबईच्या वस्त्यांत टाटानं त्याहून साधं हत्यार वापरलं : व्हिनेगर. तपासणाऱ्या ताई दहावी शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या. दीड लाख बायका, १२ वर्षांचा हिशेब. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

[दृश्य : पडद्याआडचं टेबल, टॉर्च, कापसाचा बोळा]

बोळा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचा. एक मिनिट थांबायचं. पेशी बिघडलेल्या असल्या तर तिथं पांढरं दिसतं. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. पुढच्या तपासणीत कॅन्सरच्या आधीची पायरी निघाली, तर तेवढा भाग गोठवतात किंवा तारेनं काढतात. बाई बहुधा त्याच दिवशी घरी. कॅन्सर निघाला आणि लहान असला, तर गर्भपिशवी काढतात. पुढं गेलेला असेल तर बाहेरून नि आतून शेक, जोडीला केमो.

"झालं मावशी. साडी सावरा."

"एवढंच?"

"एवढंच. आता जावेला घेऊन या."