ट्रेंडच्या मागे लागण्याआधी स्वतःचा आलेख उघडा

(थेट कॅमेऱ्याकडे. संगीत नाही, लोगो नाही.)

माझ्या एका व्हिडिओत अडतिसाव्या सेकंदापर्यंत अर्ध्याहून जास्त माणसं निघून गेली होती. त्या अडतीस सेकंदांत मी काय करत होतो? तर नमस्कार-चमत्कार. 'स्वागत आहे, नवीन असाल तर सबस्क्राइब करा, बेल दाबा…' मूळ विषयाला मी हात घातला चाळिसाव्या सेकंदाला. तोवर खुर्च्या रिकाम्या.

हे मला कळलं यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे आपल्या चॅनेलचे आकडे जिथे दिसतात त्या पानावर. फुकट मिळणारी गोष्ट, पण कितीतरी महिने मी ते पान उघडलंच नव्हतं. रोज सकाळी काय, तर आज कुठला ऑडिओ चालतोय ते शोधायचं आणि त्यावर ओठ हलवायचे!

(स्क्रीन रेकॉर्डिंग: स्टुडिओ, एक व्हिडिओ, ॲनालिटिक्स, ऑडियन्स रिटेन्शन)

हा बघा तो आलेख. कुठल्या क्षणी किती जण अजून बघताहेत, ते ही रेष सांगते. डावीकडे व्हिडिओची सुरुवात, उजवीकडे शेवट. रेष खाली उतरणारच, सगळ्यांचीच उतरते. त्या उताराला घाबरू नका, कडा शोधा. रेष जिथे एकदम कोसळलीय, तिथले चार-पाच सेकंद परत बघायचे. तिथे आपण काहीतरी लांबण लावलेली असते, नाहीतर प्रेक्षकाला वाटलेलं असतं की झालं, संपलं.

आणि हा उंचवटा दिसतोय? इथे लोक मागे जाऊन पुन्हा बघताहेत. मी आधी खूश झालो. मग नीट पाहिलं, तर त्या जागी मी सेटिंग्जचा स्क्रीन इतक्या घाईत सरकवला होता की कुणाला काही दिसलंच नाही. बिचारे मागे नेऊन नेऊन बघत होते. तेव्हा उंचवटा म्हणजे शाबासकीच असते असं नाही, कधीकधी ती तक्रार असते.

(पुन्हा कॅमेरा)

या रेषेला एवढं महत्त्व का? यूट्यूबवर आधी व्ह्यूजची चलती होती. त्यामुळे लोक थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या बाहेरच्या चित्रावर, एक दाखवायचे आणि आत भलतंच. क्लिक मिळाली की काम झालं. 2012 मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. फसवून आणलेला माणूस पाच सेकंदांत पळतो, मग त्याच्या क्लिकला काय किंमत? इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही उघड सांगितलंय की पाहण्याची वेळ, लाइक्स आणि सेंड्स, म्हणजे लोक पोस्ट मेसेजमधून कुणाला पाठवतात का, या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या. त्यातही जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायचं, तर सेंड्स. म्हणून रील टाकण्याआधी मी स्वतःला विचारतो, हे बघून एखाद्याला 'अरे, हे तुझ्यासाठीच आहे' म्हणत कुणाला पाठवावंसं वाटेल का? नाव डोळ्यांसमोर येत नसेल, तर रील अजून कच्ची आहे.

आता शब्दांकडे येऊ. माझी खरी फजिती इथे झाली.

(स्क्रीन: ट्रॅफिक सोर्स, यूट्यूब सर्च)

मी एका व्हिडिओला शीर्षक दिलं होतं, 'स्मार्टफोनमधील साठवण क्षमतेचे व्यवस्थापन'. हसू नका. स्टुडिओत ट्रॅफिक सोर्समध्ये, म्हणजे प्रेक्षक कुठून आले त्या यादीत, 'यूट्यूब सर्च' उघडलं की लोकांनी काय टाइप करून तुम्हाला शोधलं ते दिसतं. तिथे होतं, 'मोबाईल फुल झाला काय करू'. साठवण क्षमता हा शब्द जगात एकट्या मीच वापरत होतो! शीर्षक बदललं, पहिलं वाक्यही तेच केलं, आणि ज्या व्हिडिओवर धूळ बसली होती तो हळूहळू चालायला लागला. व्हिडिओतला बाकी एक शब्द बदलला नाही.

कुठला शब्द लोक कधी जास्त शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स बऱ्याच जणांना माहीत आहे, पण त्यातला आकडा भलताच वाचला जातो. रेष 100 वर गेली म्हणजे शंभर लोकांनी शोधलं असं नाही. तुम्ही निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा जो सर्वोच्च बिंदू, त्याला 100 म्हणतात, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. त्यामुळे एकटा शब्द टाकून काही हाती लागत नाही, दोन शब्द शेजारी टाकून ताडून बघा. काळही पाच वर्षांचा ठेवा. एखादा विषय दर वर्षी त्याच महिन्यात डोकं वर काढताना दिसला, तर व्हिडिओ तीन आठवडे आधीच तयार ठेवता येतो. आणि वरच्या पट्टीत 'वेब सर्च'च्या जागी 'यूट्यूब सर्च' करता येतं. कित्येकांचं तिकडे लक्षच जात नाही.

मग ट्रेंड सोडूनच द्यायचे का? छे. 2014 चं आइस बकेट चॅलेंज आठवतंय? डोक्यावर बर्फाचं पाणी ओतायचं आणि पुढच्यांची नावं घ्यायची. वरवर पाहता निव्वळ पोरखेळ. पण एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्यातून आठेक आठवड्यांत 11.5 कोटी डॉलर मिळाले आणि त्या पैशाच्या मदतीने झालेल्या संशोधनातून 2016 मध्ये या आजाराशी संबंधित एका जनुकाचा शोध लागला. लोकांनी नाव घेतलं की समोरच्याला चोवीस तासांत उत्तर द्यावं लागायचं. म्हणजे बघणाऱ्याच्या हाती काम होतं आणि पुढे ढकलायला नाव होतं. एखादा ट्रेंड दिसला की मी त्याचा असा सांगाडा शोधतो. त्यात माझा विषय बसतो का? बसला तर घ्यायचा. ओढूनताणून बसवावा लागला, तर तो दुसऱ्याचा सदरा, आपल्या अंगावर लोंबणारच.

एक व्यवहाराची गोष्ट. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट असेल, तर सगळी गाणी वापरता येत नाहीत. गाण्यांचे हक्क असतात. गाजणारा ऑडिओ तुम्हाला दिसत नसेल, तर फोन बिघडलेला नाही.

हॅशटॅगवर फार बोलत नाही. 2007 मध्ये क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर ही कल्पना मांडली ती एका विषयाच्या गप्पा एकत्र दिसाव्यात म्हणून. ते खुणेचं लेबल आहे, अंगारा नव्हे. विषयाला धरून तीन-चार पुरेत. पोस्ट किती वाजता टाकायची? तुमचा प्रेक्षक कधी जागा असतो ते स्टुडिओतच दिसतं. 'सर्वोत्तम वेळ' सांगणारे तक्ते दुसऱ्याच्या प्रेक्षकांचे असतात.

(किंचित पुढे झुकून)

थांबतो. दोन दिवसांनी याही व्हिडिओचा आलेख उघडणार आहे. माझा अंदाज, कडा गूगल ट्रेंड्सच्या भागात असणार, तिथे मी जरा लांबण लावली. जे तिथेच निघून गेले त्यांना हे ऐकूच येणार नाही. तुम्ही आहात, तर कमेंटमध्ये एवढंच लिहा, तुमच्या शेवटच्या व्हिडिओतला कडा कितव्या सेकंदाला आहे?