बेटाचा राखणदार कोण?

[दृश्य: मांद्रेचा किनारा, ओहोटी. वाळूवर ओढून ठेवलेली होडी.]

ट्युनिशियाच्या वाळवंटात एका ध्रुवीय अस्वलाचा सांगाडा सापडतो. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर 'धर्मा इनिशिएटिव्ह' नावाच्या संस्थेचं अष्टकोनी चिन्ह आहे. वाळू उकरणारी बाई ते चिन्ह बघते, तिचा चेहरा खुलतो आणि प्रसंग तिथेच संपतो. बर्फातलं जनावर वाळवंटात मरायला आलं कसं? पुढच्या भागांत कुणीही याचं उत्तर तोंडाने देत नाही.

'लॉस्ट' ही अमेरिकी मालिका २२ सप्टेंबर २००४ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि २३ मे २०१० रोजी संपली. सहा पर्वं, १२१ भाग. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ८१५ क्रमांकाचं विमान एका बेटावर कोसळतं, इथून गोष्टीला सुरुवात. चित्रीकरण मुख्यतः हवाईतल्या ओआहू बेटावर झालं. गोव्यात ही मालिका कुणी केबलवर पाहिली, कुणी डीव्हीडीवर, आणि कितीतरी जणांनी मित्राच्या पेन ड्राइव्हवरून. पेडणे, डिचोली, फोंड्याच्या मराठी घरांत आजही अशी माणसं भेटतात, ज्यांना या बेटाचा विषय काढला की जेवणाची आठवण राहत नाही. त्यांनी लढवलेल्या तर्कांची ही फिल्म आहे.

[दृश्य: लोखंडी पिंजरा, गंजलेली तरफ. रेखाचित्र.]

आधी अस्वलाचा निकाल लावू.

तिसऱ्या पर्वात विमानातून वाचलेल्या सॉयरला पिंजऱ्यात कोंडतात. तिथे एक यंत्र आहे. एक कळ पायाने दाबून धरायची, दुसरी त्याच वेळी लांबून हाणायची, मग माशाच्या आकाराचं बिस्किट खाली पडतं. सॉयर बराच वेळ खटपट करतो आणि शेवटी जमवतो. तेव्हा पहारेकरी त्याला ऐकवतो की अस्वलांना हे दोन तासांत जमलं होतं. बघणारा हसतो आणि विसरून जातो. चौथ्या पर्वाच्या अखेरीस बेटावर आधीपासून राहणाऱ्यांचा म्होरक्या बेन जाड कोट चढवून जमिनीखालच्या एका गोठलेल्या खोलीत उतरतो, भिंतीतलं प्रचंड चाक सगळा जोर लावून फिरवतो, आणि डोळे उघडतो ते ट्युनिशियाच्या वाळवंटात.

आता तीन तुकडे एकत्र ठेवा. कळ दाबायला शिकवलेलं जनावर. थंडीत टिकणारं जनावर. आणि चाक फिरवणाऱ्याला वाळवंटात नेऊन टाकणारी जागा. म्हणजे बेटावर प्रयोग करणाऱ्या धर्मा संस्थेच्या लोकांनी घाण्याला बैल जुंपावा तशी अस्वलं त्या चाकाला जुंपली असणार, आणि त्यातलं एक पलीकडे जाऊन पडलं. हे तुकडे जोडले ते प्रेक्षकांनी. २०१० मध्ये डीव्हीडीसोबत आलेल्या बाराएक मिनिटांच्या छोट्या उपसंहारात याच दिशेला बोट दाखवलं गेलं. माझ्या मते या मालिकेवरचा हा सर्वांत देखणा तर्क आहे. त्यात बाहेरून काहीही आणलेलं नाही. जे पडद्यावर दिसलं, तेवढ्यावर तो उभा आहे.

[दृश्य: जपमाळ. बोटांतून सरकणारे मणी.]

४, ८, १५, १६, २३, ४२. विमानातल्या हर्ली नावाच्या प्रवाशाला लॉटरी लागते ती या आकड्यांवर. जंगलातल्या भुयारात दर १०८ मिनिटांनी संगणकात टंकावे लागतात तेही हेच आकडे. बेरीज केली तर १०८ येते. शेवटच्या पर्वात कळतं की बेटाचा रक्षक जेकब याने आपल्या वारसदारांच्या यादीत एकेकाला एकेक क्रमांक दिला होता, आणि उरलेले सहा म्हणजे हे सहा. सगळे त्याच विमानातले: लॉक ४, हर्ली ८, सॉयर १५, सईद १६, जॅक २३ आणि क्वॉन ४२. क्वॉन नवरा की बायको, हे मात्र मोघम ठेवलं आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला १०८ म्हटलं की माळेचे मणी आठवणारच. त्यात संस्थेचं नाव धर्मा, आणि तिच्या माहितीपटातला वैज्ञानिक शेवटी 'नमस्ते' म्हणतो. साहजिकच इथल्या गप्पांत पहिली थिअरी निघाली ती कर्म आणि पुनर्जन्माची. मला ती फारशी पटत नाही. माळ १०८ मण्यांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, एवढं साम्य आहे खरं. पण भुयारातले ते आकडे टंकायचे असतात साठलेली विद्युतचुंबकीय शक्ती वेळोवेळी मोकळी करायला, आणि त्याचं कारण मालिकेने व्यवस्थित दिलेलं आहे. नाव भारतीय दिसलं म्हणून अर्थही भारतीय असेल असं नाही.

दुसरी थिअरी मात्र गोव्याच्या मातीतून आली, आणि तिच्यासाठीच मी ही फिल्म करायला घेतली.

[दृश्य: पेडणे तालुक्यातली गावसीम. वडाखाली राखणदाराचं स्थान, पुढ्यात वहाणांचा जोड.]

आमच्या गावांना सीम असते आणि सिमेला राखणदार असतो. रात्री तो हातात दांडा घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, मर्यादा मोडणाऱ्याला अद्दल घडवतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वाहतात. रोट देतात. हे ऐकत वाढलेल्या माणसाला जेकब कळायला सहावं पर्व लागलं नाही. झोपडीभोवती राखेचं रिंगण दिसलं तेव्हाच पेडण्यातल्या एका घरात आजी म्हणाल्या होत्या, "हद्द आखलीय रे ती. आत कोणाला तरी बांधलंय, नाहीतर बाहेर ठेवलंय." इंग्रजीचा एक शब्द न कळता त्यांनी हे सांगितलं होतं. पुढे काळ्या धुराच्या रूपात फिरणाऱ्या जेकबच्या वैऱ्याला राख अडवते, हे मालिकेनेच दाखवलं.

पण आजींचा नातू, जो आता स्वतः शिक्षक आहे, तो या थिअरीला सहजासहजी शरण जात नाही. त्याचा आक्षेप नेमका आहे: राखणदार गावच्या माणसांना राखतो, जेकब तर दूरदूरची माणसं बेटावर ओढून आणतो आणि त्यातली बरीचशी मरतात. हा कसला राखणदार?

यावर त्या घरात रात्री रंगलेला वाद मी ऐकला आहे. आजींचं म्हणणं असं की जेकब माणसांचा राखणदार नव्हेच. बेटाच्या पोटात जो प्रकाश आहे, त्याचा तो राखणदार. माणसं त्याने आणली ती आपल्या जागी कोणाला तरी बसवायचं म्हणून. ११ मे २०१० रोजी दाखवलेल्या भागात हेच तर आहे: जेकबला वाढवणारी बाई त्याला त्या प्रकाशाजवळ नेते, तो राखायचा शब्द घेते आणि प्यायला देते. तेव्हापासून जागा त्याची.

मग शिक्षक दुसरा मुद्दा काढतो, आणि इथे गोष्ट खरी रंगते. अधिकार देण्याची ही रीत तीनदा दिसते. जेकबला मिळते वाइन, आणि बाई त्यावर मंत्र पुटपुटते. जॅकला मिळतं ओढ्याचं पाणी, मंत्र तोच. जॅक जेव्हा हर्लीला जागा देतो, तेव्हा हाताशी असते एक जुनी प्लास्टिकची बाटली, पाणी डबक्यातलं, आणि मंत्र नाहीच. शिक्षकाचा सवाल: गाऱ्हाणं घातल्याशिवाय देवकार्य उभं राहत नाही, मग मंत्राशिवाय हर्ली राखणदार झाला कसा? आजी म्हणाल्या, "गाऱ्हाणं घालणारा शब्द विसरला, तरी 'व्हय महाराजा' म्हणणारे असले की झालं. त्या पोराने हो म्हटलं ना?"

या एका प्रसंगावर मी पुष्कळ वाचलं आहे. इतकं सरळ उत्तर मला कुठे सापडलं नाही.

[दृश्य: पेडण्यातलं मंदिर, दशावताराचा रंगमंच. संकासुराचा प्रवेश.]

मालिकेवरचा जुना आरोप असा की लिहिणाऱ्यांना शेवट ठाऊक नव्हता, ते जमेल तसं जोडत गेले. दशावतार बघत आलेल्यांना याचा धक्का बसत नाही. आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात, आणि त्या दिवशी जो नट आहे त्याच्यावर खेळाचं वजन हलतं. 'लॉस्ट'मध्येही हेच घडलं, फक्त सहा वर्षं. डेमन लिंडलॉफ आणि कार्लटन क्यूज या सूत्रधारांनी २००७ मध्ये वाहिनीकडून शेवटाची तारीख ठरवून घेतली, तोवर गोष्ट किती ताणायची हेच त्यांच्या हातात नव्हतं. मग लेखकांचा संप आला आणि सोळा भागांचं चौथं पर्व चौदावर आलं. मिस्टर एकोचं काम करणाऱ्या नटाला मालिका सोडायची होती; त्याचं पात्र तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीलाच मारलं गेलं, आणि त्याच्याभोवती विणलेलं सगळं तिथेच तुटलं.

शेवटाबद्दल एक गैरसमज अजून फिरतो: सगळे पहिल्याच दिवशी विमानात मेले होते. नाही. जॅकचे वडील त्याला स्पष्ट सांगतात की जे घडलं ते खरं होतं, कोणी आधी मेलं, कोणी कितीतरी नंतर. गोंधळ वाढला तो श्रेयनामावलीवेळी. वाहिनीने तिथे विमानाच्या अवशेषांची निर्मनुष्य दृश्यं टाकली, आणि लोकांनी ती गोष्टीचाच भाग मानली.

[दृश्य: मांडवीत दोन होड्या, एकीमागून एक.]

होडीचं कोडं अजून तसंच आहे. पाचव्या पर्वात सॉयर, ज्यूलिएट, लॉक आणि बाकीचे काळात मागेपुढे फेकले जात असताना एका होडीतून निघतात. मागून दुसरी होडी येते, गोळ्या सुटतात, ज्यूलिएट उलट गोळी झाडते, एक जण पडल्यासारखा वाटतो, आणि काळ पुन्हा बदलतो. त्यांनी घेतलेल्या होडीत अजिरा विमान कंपनीची पाण्याची बाटली मिळाली होती, म्हणजे काळ २००७ च्या आसपासचा किंवा नंतरचा. मागच्या होडीत कोण होतं, हे कधीच दाखवलं नाही. अजिराच्या विमानातून आलेल्या इलानाची टोळी, असं बरेच जण म्हणतात. मला ते लोक हर्लीच्या काळातले वाटतात. नव्या राखणदाराच्या बेटावर अनोळखी होडी दिसली तर पाठलाग होणारच.

[दृश्य: बॅकगॅमनचा पट, काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या.]

आणि वॉल्ट. पहिल्या पर्वातला दहा वर्षांचा मुलगा. त्याच्या आसपास पक्षी खिडकीवर आपटून मरतात, तो जे मनात आणतो ते घडतं की काय असं वाटत राहतं. मग त्याला गोष्टीतून बाहेर काढलं. कारण साधं होतं: पहिल्या पर्वात बेटावर ४४ दिवस सरतात, आणि तेवढ्यात वर्षभर चित्रीकरण चाललेला मुलगा उंच होत राहतो. लेखकांचा इलाज नव्हता. पण प्रेक्षकांनी त्याला सोडलं नाही, आणि या बाबतीत मी पूर्णपणे प्रेक्षकांच्या बाजूने आहे. ज्या मुलावर एवढा वेळ घालवला त्याला असं विसरून चालत नाही.

उपसंहारात बेन त्याला शोधत मनोरुग्णालयात जातो. बाहेर गाडीत हर्ली बसलेला असतो. तो वॉल्टला सांगतो की त्याच्यासाठी काम आहे, बेटावर. कसलं काम, ते सांगत नाही.

पेडण्याच्या त्या घरात यावर दुमत नाही. हर्लीही कधीतरी थकणार, आणि सीम रिकामी ठेवता येत नाही. नेमणूक झाली आहे, पाणी द्यायचं तेवढं राहिलं आहे, असं शिक्षक म्हणतो. आजींना एवढंच विचारायचं आहे की त्या पोराला ते पाणी नको म्हणायची मुभा दिली होती की नाही.