कोरण्याआधीचे चित्र

लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलने सुरू झाली की सोलापुरातील लेझर कोरीवकामाच्या दुकानांना उसंत मिळत नाही. सन्मानचिन्हे, घरावरच्या नावाच्या पाट्या, फोटो कोरलेल्या लाकडी फ्रेम, किचेन अशा वस्तूंची मागणी एकामागून एक येत राहते. गिऱ्हाईक बहुधा मोबाइल पुढे करते, व्हॉट्सॲपवर आलेले एखादे चित्र दाखवते आणि ‘असेच करून द्या’ म्हणते. ते चित्र मुळात कोणी काढले, हे त्याला ठाऊक नसते आणि घाईच्या दिवसांत दुकानदारही विचारत नाही. तो प्रश्न विचारलाच पाहिजे, असे आम्हांला मनापासून वाटते.

अशा दुकानात आता दिसते आहे ती सागवानाची फळी आणि तिच्यावर चालणारा कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याचे शिर डावीकडून उजवीकडे जाते, परत येते आणि दर खेपेला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे पुढे सरकते. जकार्ड मागावर धोट्याच्या प्रत्येक फेरीला छिद्रांचे एक कार्ड पुढे सरकते आणि चादरीवरचे फूल ओळीओळीने उमटते, तशीच ही चाल आहे. दोन ओळींत इतके कमी अंतर असल्यामुळे एका इंचात 254 ओळी बसतात, आणि दाबून लहान केलेल्या व्हॉट्सॲपच्या चित्रात तेवढा तपशील उरलेलाच नसतो. असे चित्र सॉफ्टवेअरने आपोआप ट्रेस केले, म्हणजे त्याच्या रेषा गिरवून घेतल्या, की एका रेषेच्या दोन कडा होतात, लेझर दोन्हींवरून फिरतो आणि चित्रातल्या नाजूक नथीच्या जागी जळकट डाग पडतो. चित्रकाराकडून ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात चित्र साठवणारी मूळ व्हेक्टर फाइल (एसव्हीजी, डीएक्सएफ किंवा सीडीआर) मिळाली तर हा त्रास राहत नाही. काम चांगले व्हावे म्हणूनही मूळ चित्रकारापर्यंत जावे लागते, आणि परवानगीसाठीही त्याच्याकडेच जावे लागते.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत असतो आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षे टिकतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला आहे. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन 2011 साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रे 2071 अखेरपर्यंत विनापरवाना कोरता येणार नाहीत. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची प्रतिमा हे या भागातले सर्वाधिक मागणीचे काम असावे. स्वामींनी 1878 साली समाधी घेतली आणि त्यांच्या रूपावर कोणाचीही मालकी नाही, परंतु आजच्या एखाद्या चित्रकाराने रंगवलेली त्यांची विशिष्ट प्रतिमा ही त्या चित्रकाराची निर्मिती असते. विठ्ठलाच्या चित्रांचेही तसेच आहे.

लग्नाच्या फोटोबाबत कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. अर्थात दुसऱ्या कुणाच्या इन्स्टाग्रामवरून उचललेल्या फोटोला हे लागू होत नाही. सोलापुरातील सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, इंद्रभुवन इमारत यांची चित्रे स्वतः काढून कोरायला कोणतीच आडकाठी नाही, मात्र त्यांचे दुसऱ्याने टिपलेले छायाचित्र ट्रेस करायचे तर त्या छायाचित्रकाराची परवानगी हवी. म्हणून सिद्धेश्वर मंदिराच्या तलावाकाठी स्वतः जाऊन, कोवळ्या उन्हात शिखराच्या कडा स्पष्ट दिसत असताना, आपल्याच मोबाइलने फोटो घ्यावा आणि त्यावरून रेखाचित्र करावे, हा मार्ग आम्हांला सर्वांत सरळ वाटतो. सन्मानचिन्हांवर सिंहांची राजमुद्रा कोरून मागणारेही पुष्कळ भेटतात. 2005 च्या कायद्याने तिच्या अशा वापरावर बंदी घातली आहे, तेव्हा तिथे नाहीच म्हणावे.

मोफत आणि निर्धोक चित्रेही भरपूर आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 पासून आणि स्मिथसोनियन संस्थेने 2020 पासून हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रे ‘सीसी झिरो’ या, सर्व हक्क सोडून दिल्याचे सांगणाऱ्या, खुणेखाली खुली केली आहेत. ती विक्रीच्या वस्तूंवरही चालतात. सीसी म्हणजे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’, चित्र कोणत्या अटींवर वापरता येईल ते सांगणारे तयार परवाने. त्यांच्या इतर परवान्यांत ‘एनसी’ अक्षरे दिसली तर त्या चित्राची वस्तू विकता येत नाही. ‘एनडी’ असेल तर चित्रात बदल करून ते पुढे देता येत नाही, आणि रंगीत चित्राचे कोरण्यायोग्य रेखाचित्र करणे हा बदलच आहे. चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांवर साध्या परवान्यात विक्रीच्या वस्तू बहुधा बसत नाहीत, त्यासाठी वाढीव परवाना घ्यावा लागतो.

अक्षरांचाही परवाना असतो, हे अनेकांच्या गावीही नसते. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत बोलणाऱ्या या शहरासाठी ‘बलू’ ही फॉन्टमालिका विशेष उपयोगी आहे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेने केलेली ही अक्षरे तिन्ही लिप्यांत आहेत आणि खुल्या परवान्यामुळे नावाच्या पाटीवर निःशंकपणे वापरता येतात.

स्थानिक चित्रकाराकडून नवे रेखाचित्र करून घेतले, तर त्याचे पैसे चुकते केले म्हणजे हक्क आपोआप आपल्याकडे आले, असे धरून चालू नये. परवाना लेखी असावा लागतो. चित्र कोणते, ते कोणत्या वस्तूंवर आणि किती नगांवर कोरायचे, त्यात बदल करायचे की नाही, फाइल दुसऱ्या दुकानाला देता येईल का आणि मोबदला किती, हे त्यात स्पष्ट लिहावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर परवाना भारतापुरताच मानतो. त्यामुळे सिद्धेश्वराच्या कोरीव फ्रेम दुबईच्या गिऱ्हाइकाला पाठवायच्या असतील, तर परदेशातील विक्रीचा उल्लेख त्या कागदावर चित्रकाराची सही होण्यापूर्वीच आला पाहिजे.