ग ग ग, सा ग प: खेळमालिकांच्या चालींविषयी

(पडद्यावर यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावातील भजनी मंडळाची खोली दिसते. भिंतीला टाळ आणि खंजेऱ्या टांगलेल्या आहेत.)

पेटीवर बसलेल्या बुवांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही. पुतण्याने मोबाइलवर लावलेली धून त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “पुन्हा लाव बरं बाप्पा, शेवटचा प खाली उतरला का नाई ते आयकू दे.” धून पुन्हा वाजली, बुवांची खात्री पटली आणि पेटीतून स्वर उमटले: ग ग ग, सा ग, प, आणि मग एकदम खाली मंद्र सप्तकातला प. दाराशी उभ्या असलेल्या तिशी-चाळिशीतल्या माणसांना पुढचे ऐकावेच लागले नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाने ‘मारिओ’ म्हटले.

ही चाल 1985 साली जपानमधील निन्टेन्डो कंपनीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळासाठी कोजी कोंडो यांनी रचली. विदर्भाच्या खेड्यांत ती पोहोचली ती 1990 च्या दशकात, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकलांमधून. त्या यंत्राला सगळे नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि त्यात खोचायच्या चपट्या डबीला ‘कॅसेट’. ज्यांच्या घरी तो नव्हता, ती मुले तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात तासाच्या भाड्याने खेळत. या खेळात मध्येच थांबून प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती, आणि भारनियमनाच्या त्या काळात वीज गेली की खेळही जाई; वीज आली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आणि पुन्हा त्याच ग ग ग पासून सुरुवात करावी लागे.

दशकानुदशके चालणाऱ्या एखाद्या खेळमालिकेतील संगीत मनात का राहते, हा आजच्या चित्रफितीचा विषय आहे. चाल गोड असते म्हणून ती राहते, हे उत्तर अपुरे आहे, कारण गोड चाली असंख्य असतात आणि बहुतेक विसरल्या जातात. आमच्या मते खेळातील चाल लक्षात राहते ती हात कामात असताना ऐकलेली असते म्हणून, आणि मालिकेचे कर्ते पुढे वर्षानुवर्षे ती जपून, योग्य वेळीच परत आणतात म्हणून.

(पडद्यावर कॅसेटच्या आतील हिरवी पट्टी आणि तिच्यावरील चिप जवळून दिसतात.)

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ, म्हणजे त्यातील चित्रे, टप्पे, नियम आणि संगीत, हे सारे 40 किलोबाइटमध्ये बसवलेले होते. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रणेत पाच वाहिन्या होत्या आणि कोंडो यांनी या खेळात त्यांपैकी चारच वापरल्या: दोन चौकोनी लहरींच्या, ज्यांवर चाल आणि तिची जोडचाल चाले; एक त्रिकोणी लहरीची, जिच्यावर खर्जाची साथ असे; आणि एक खरखरीची, जिच्यातून ताल निघे. प्रत्येक वाहिनीतून एका वेळी एकच स्वर निघत असे. बुवा पेटीवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबून स्वर भरून घेऊ शकतात आणि चाल कुठे उणी पडली तर ती त्या भरावाने झाकली जाते. कोंडो यांच्याकडे असा भराव नव्हता, त्यामुळे चालीचा प्रत्येक स्वर आपल्या जागी पक्का असणे भागच होते.

शिवाय या चार वाहिन्याही संगीताच्या हक्काच्या नव्हत्या. मारिओने, म्हणजे खेळणारा चालवतो त्या नायकाने, उडी मारली, नाणे घेतले किंवा शत्रूला चिरडले, की त्या आवाजासाठी यंत्र एक वाहिनी क्षणभर उसनी घेई आणि तेवढ्यापुरती त्या वाहिनीवरची ओळ गप्प होई. म्हणजे खेळणारा मुलगा प्रत्येक उडीगणिक त्या संगीतात आपला एक आवाज घालत होता आणि त्यातला एक धागा काढूनही घेत होता. कोंडो यांनी सांगितले आहे की, त्यांनी आधी केलेली एक रचना मारिओच्या धावण्या-उडण्याशी जुळत नव्हती म्हणून बाजूला ठेवली आणि खेळ प्रत्यक्ष चालताना पाहून नवी रचना केली. तिचा ठेका धावणाऱ्याच्या पायांचा आहे. तो अडखळत, पुढे झुकत जातो आणि ऐकणाऱ्याच्या अंगठ्यालाही पुढे ढकलतो.

याच खेळातील जमिनीखालच्या टप्प्याची धून आम्ही बुवांना मुद्दाम ऐकवली. तिच्यात एक स्वर येतो आणि लगेच तोच स्वर वरच्या सप्तकात येतो: सा आणि वरचा सा, मग ध आणि त्याचा वरचा ध, मग कोमल नी आणि तिची जोडी. त्यानंतर धून थांबते, आणि ती थांबलेली जागा चांगली लांब आहे. बुवांना चालीपेक्षा ही जागाच जास्त आवडली. त्या रिकाम्या जागेत मुलाला आपल्याच उडीचे आवाज ऐकू येत, आणि वरती उजेडात असताना न वाटलेली भीती तिथे वाटे. जमिनीवरच्या टप्प्यात घड्याळाचा आकडा 100 च्या खाली गेला की इशाऱ्याची छोटी धून वाजून तीच ओळखीची चाल जलद होते. वेग वाढवून जीव घाबरा करण्याची ही युक्ती त्याआधी 1978 सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने वापरली होती, तिथे खाली उतरत जाणारे चारच स्वर होते आणि शत्रू कमी होत गेले तसे ते चार स्वर वेगाने धावू लागत. मारिओत जलद झाले ते मात्र एक पूर्ण गाणे होते, जे मुलाला एव्हाना पाठ झालेले असे, आणि पाठ असलेले गाणे घाईत म्हटले गेले की संकट जवळ आल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

‘कॉन्ट्रा’ या बंदुकांच्या लढाईच्या खेळातही संगीत असेच पुन्हा पुन्हा ऐकून पाठ झाले. घरच्या यंत्रावर तो 1988 साली आला. गावातील ज्यांनी ज्यांनी तो खेळला आहे, त्यांना पहिल्या, जंगलाच्या टप्प्याचे संगीत आठवते आणि पुढच्या टप्प्यांचे अंधूक आठवते. याचे कारण संगीताच्या दर्जात शोधू नये. सुरुवातीला मिळणारे तीन जीव बहुतेकांचे जंगलातच संपत, आणि जीव संपले की जंगल पुन्हा सुरू होई. खेळाचे संगीत हे असे एकमेव संगीत असावे, ज्यात ऐकणाऱ्याचे अपयशच कुठली ओळ किती वेळा वाजेल हे ठरवते.

(पडद्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मखर आणि त्यात मांडलेली भुलाबाई-भुलोजीची जोडी दिसते. मुली फेर धरून गाणी म्हणत आहेत.)

भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील पौर्णिमेपर्यंत विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्या गाण्यांचा स्वरांचा आवाका लहान असतो, एक ओळ पुढच्या ओळीला कडीसारखी जोडलेली असते, आणि कोणी शिकवायला न बसताही धाकटी मुलगी मोठीच्या मागे म्हणता म्हणता ती शिकते. पण ही गाणी पक्की होतात ती महिनाभराच्या घोकण्याने जेवढी, तेवढीच अकरा महिन्यांच्या सुट्टीने. पुढच्या आश्विनात ती परत येतात तेव्हा गाणारी मुलगी एक वर्षाने मोठी झालेली असते आणि गाणे तेच असते. वर्षानुवर्षे चालणारी खेळमालिका नेमके हेच करते.

1990 साली आलेल्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये कोंडो यांनी एकच नवी चाल घेतली आणि ती मोकळ्या मैदानात, पाण्याखाली, भुयारात आणि किल्ल्यात वेगवेगळ्या ठेक्यांत व वेगवेगळ्या मनःस्थितीत वापरली. मारिओ योशी या हिरव्या प्राण्याच्या पाठीवर बसला की त्याच चालीत तालवाद्यांची एक जादा साथ सुरू होते आणि तो उतरला की ती थांबते. 2017 सालच्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त भिंतीवरच्या सपाट चित्रासारख्या जागेत शिरले की चालू असलेले संगीत जुन्या यंत्राच्या खणखणीत, चौकोनी आवाजात वाजू लागते. वाद्यवृंद हाताशी असतानाही या लोकांनी त्या जुन्या चिपचा आवाज टाकून दिला नाही, याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते.

‘झेल्डा’ या, तलवार घेऊन निघालेल्या एका मुलाच्या साहसांच्या मालिकेकडे थोडे अधिक थांबून पाहावे लागेल. 1986 साली पहिला खेळ तयार होत असताना त्याच्या आरंभीच्या पडद्यावर फ्रेंच संगीतकार राव्हेल यांचे ‘बोलेरो’ वाजवायचे ठरले होते. त्या रचनेवरचे स्वामित्वहक्क अजून संपलेले नाहीत, हे अगदी शेवटी लक्षात आले, तेव्हा कोंडो यांनी खेळातील आपल्याच प्रवासाच्या चालीवरून एका रात्रीत आरंभीची रचना तयार केली. तिची सुरुवात बुवांनी वाजवली तेव्हा ती पहिल्या धड्यातील अलंकारासारखी सरळ निघाली: सा, खाली मंद्र प, पुन्हा सा, आणि मग सा रे ग म प अशी एकेका पायरीने चढण. ज्याच्या हातात नुकतीच तलवार आली आहे आणि ज्याच्यापुढे सारा प्रदेश मोकळा पडला आहे, अशा मुलाचे मन या चढणीत स्पष्ट ऐकू येते.

1998 साली आलेल्या याच मालिकेतील ‘ओकारिना ऑफ टाइम’ या खेळात तर बासरीसारखे फुंकून वाजवायचे एक छोटे वाद्य खेळणाऱ्याच्याच हाती दिले आणि यंत्राची पाच बटणे पाच स्वरांना जोडली. दार उघडायचे, पाऊस पाडायचा किंवा घोडी बोलवायची तर ठरलेली धून स्वतः वाजवावी लागते. राजकन्या झेल्डाची अंगाई त्यात ग प रे, ग प रे अशी सुरू होते. ती मालिकेत 1991 सालीच आलेली होती, पण तोवर ती फक्त ऐकायची होती. 1998 नंतर ती बोटांत गेली, आणि बोटांत गेलेली चाल कानात असलेल्या चालीपेक्षा जास्त टिकते, हे कोणताही पेटीवादक सांगेल. 2011 सालच्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मधील देवीचे गीत म्हणजे हीच अंगाई उलट्या क्रमाने मांडलेली आहे. ज्यांना अंगाई पाठ होती, त्यांना ते गीत पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीचे का वाटते, हे कळेपर्यंत काही काळ गेला.

पुढे 2017 साली ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला आणि त्यात संगीत बहुतेक वेळ नसतेच. वारा, गवत, पावसाचा आवाज आणि मधूनच पियानोचे चार-दोन स्वर, एवढ्यावर तासन्‌तास जातात. पण रात्री घोड्यावर बराच वेळ दौडत राहिले, तर पियानोच्या घाईच्या स्वरांखाली व्हायोलिनवर एक अतिशय संथ चाल सुरू होते. तिचे स्वर इतके लांबवलेले आहेत की पुष्कळांच्या ती लक्षातही येत नाही. ती 1986 सालची, सा, मंद्र प आणि पुढची तीच चढण आहे. आमच्या मते या मालिकेतील संगीताचा हा सर्वोत्तम क्षण आहे, कारण इथे चाल ऐकवलेली नाही, ठेवून दिलेली आहे, आणि ज्याच्याजवळ तीस वर्षांची आठवण आहे त्यालाच ती सापडते.

‘फायनल फँटसी’ मालिकेत संगीतावर आणखी मोठा भार आहे. 1987 पासूनच्या मुख्य खेळांपैकी बहुतेकांत कथा नवी, माणसे नवी, जगही नवे असते. मग हे सारे एकाच मालिकेचे आहे, असे वाटावे कशावरून? नोबुओ उएमात्सु यांनी रचलेली वर चढून खाली उतरणाऱ्या सुट्या स्वरांची आरंभधून, लढाई जिंकल्यावरची विजयाची ललकारी आणि चोकोबो नावाच्या मोठ्या पक्ष्याची खेळकर चाल, या दोन-तीन गोष्टी घराण्याच्या खुणेसारख्या खेळागणिक पुढे येतात.

या संगीताला सार्वजनिक मान मिळायला वेळ लागला. टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात, 23 जुलै 2021 रोजी, देशोदेशींचे खेळाडू मैदानात आले ते जपानी व्हिडिओ गेमच्या संगीतावर, आणि पहिली चाल कोइची सुगियामा यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची होती. 2023 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत कोंडो यांची मारिओची चाल घेतली. त्या नोंदवहीत गेलेले ते व्हिडिओ गेमचे पहिले संगीत होय.

(पडद्यावर बसथांब्यामागच्या पारावर बसलेले चार तरुण दिसतात. चौघांच्याही हातात मोबाइल आहेत.)

आता गावातील मुले ‘पब्जी’च्या घराण्यातील खेळ खेळतात. लढाई सुरू झाली की या खेळात संगीत जवळजवळ राहत नाही, कारण शत्रूच्या पावलांचा आवाज कोणत्या बाजूने येतो, यावर जगणे-मरणे ठरते. टॉम साल्टा यांनी रचलेले ‘पब्जी’चे मुख्य संगीत वाजते ते खेळाआधीच्या लॉबीत, म्हणजे सोबती जमेपर्यंत थांबायच्या जागी. तिथे बोटांना काही काम नसते, म्हणून आम्ही वर मांडलेल्या विचाराप्रमाणे हे संगीत लक्षात राहायला नको होते. पण पारावरच्या या चौघांनी ते आम्हाला तोंडाने वाजवून दाखवले. इथे मोबाइलला रेंज धड नसते. तिघे जोडले जातात आणि चौथ्याचे चक्र फिरत राहते, त्यामुळे शहरात जेमतेम सुरुवात ऐकू येते ती रचना या पारावर पुन्हा पुन्हा पूर्ण वाजते, आणि तोवर हे तिघे चौथ्याला हाका मारत असतात. त्यांच्या लेखी ती लढाईची चाल नाही, ती जमण्याची चाल आहे, आणि तिच्यासोबत त्यांचे हात नसले तरी त्यांचे बोलणे आहे. ही मालिका आणखी वीस-पंचवीस वर्षे चालली आणि तिच्या कर्त्यांनी ही धून परत आणायची ठरवली, तर त्यांनी ती लढाईत वाजवू नये. सोबत्याची वाट पाहण्याच्या जागीच वाजवावी.