शेवटचे तीन आकडे

(दृश्य: जुन्या छपाईयंत्रातून सरकत येणारा कागद, त्यावर आकड्यांच्या ओळी.)

१९६१चा हिवाळा. अमेरिकेतल्या एमआयटीत एडवर्ड लॉरेंझ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर एक लुटुपुटीचं हवामान चालवत होते. बारा समीकरणं, बस्स. एका जुन्या गणिताचा पुढचा भाग त्यांना पुन्हा बघायचा होता. पहिल्यापासून सुरुवात कोण करणार? त्यांनी मधल्याच एका ओळीतले आकडे कागदावरून टिपून यंत्रात भरले आणि ते कॉफी प्यायला गेले.

तासाभराने परतले, तर कागदावर भलतंच हवामान! आधी किंचित फरक, मग वाढत वाढत जुन्या आणि नव्या हवामानाचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता. यंत्र बिघडलं असणार, हा पहिला संशय. पण यंत्र ठणठणीत होतं. त्याच्या स्मृतीत संख्या होती ०.५०६१२७. जागा वाचवायला कागदावर छापली होती ०.५०६. फरक जेमतेम चार हजारांत एक.

(दृश्य: एकाच बिंदूतून निघून दुरावत जाणाऱ्या दोन रेषा.)

सुरुवातीचा किंचित फरक असा वाढत जाण्याला पुढे केऑस, म्हणजे अंदाधुंदी, हे नाव पडलं. नाव फसवं आहे. इथे अंदाधुंदी नाही, नशिबाचा खेळही नाही. नियम पक्के, तेच आकडे घातले तर उत्तरही तेच. अडचण एवढीच, की खऱ्या जगात तेच आकडे आपल्या हाती कधीच येत नाहीत.

समजा, एखाद्या ठिकाणी चूक रोज दुप्पट होते. आपण उपकरणं हजारपट अचूक केली. मग आणखी किती पुढचं दिसेल? फक्त दहा दिवस. कारण एकाची दहा वेळा दुप्पट केली की १,०२४ होतात; मिळवलेली सगळी अचूकता दहा दिवसांत खर्च! आणखी हजारपट अचूकता आणली, तर आणखी दहा दिवस. पैसा, श्रम, बुद्धी ओतत राहा. भविष्य असं चमच्याचमच्यानेच हाती लागतं.

(दृश्य: फुलपाखरू. क्षणभरच.)

फुलपाखराला टाळता येत नाही. लॉरेंझ यांच्या १९७२च्या एका व्याख्यानाच्या शीर्षकात ते आलं: ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांनी टेक्ससमध्ये टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं वादळ, उठेल का? शीर्षक लॉरेंझ यांनी दिलेलं नव्हतं, आणि त्यातलं प्रश्नचिन्ह पुढे कुठेतरी गळून पडलं. वादळ फुलपाखरू घडवत नाही. वादळाची सामग्री हवेत असतेच. ते कधी, कुठे उठेल हे बारीकसारीक गोष्टींवर हलतं.

मग उपयोग काय? आधी प्रश्न बदलावा लागतो. युरोपच्या हवामान अंदाज केंद्राने १९९२मध्ये तो रोजच्या कामात बदलला. एका अंदाजाऐवजी अंदाजांचा गठ्ठा, आज पन्नासेक. सुरुवातीचे आकडे मुद्दाम किंचित हलवायचे आणि सगळे अंदाज सोबत पळवायचे. रेषा एकमेकींना धरून चालल्या, तर भरवसा ठेवा. फाकल्या, तर सावध राहा. आपल्या अज्ञानाचंही माप काढता येतं, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

(दृश्य: कीटकांचे थवे.)

१९७६मध्ये परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी प्राण्यांच्या संख्येचं एका ओळीचं समीकरण मांडून दाखवलं. वाढीचा दर ३च्या आत असला, तर संख्या स्थिरावते किंवा शून्यावर जाते. पुढे ती दोन आकड्यांत झुलते, मग चार, मग आठ. ३.५७च्या आसपास ताळतंत्रच सुटतो. म्हणजे कीटक अचानक वाढले किंवा घटले, की दरवेळी बाहेरचा गुन्हेगार शोधायलाच हवा असं नाही.

मात्र प्रत्येक गुंतागुंतीला केऑस म्हणून मोकळं होऊ नये. शेअर बाजार कोसळला, की हा शब्द हमखास निघतो. पण तिथली समीकरणं कुणी लिहून दिलेली नाहीत.

(दृश्य: काळं आकाश, चंद्राची कडा.)

आणि हीच संवेदनशीलता कामालाही जुंपता येते. आयसी-३ हे यान १९७८मध्ये सूर्यवारा, म्हणजे सूर्यातून वाहत येणारा कणांचा झोत, मोजायला गेलं होतं. धूमकेतूकडे जाणं त्याच्या नशिबी नव्हतं, तेवढं इंधनही नव्हतं. पण पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्या ओढाताणीत हलकासा धक्काही वाट बदलतो. असे अचूक धक्के देत त्याला पाच वेळा चंद्राजवळून नेलं. शेवटच्या वेळी पृष्ठभागापासून जेमतेम १२० किलोमीटरवरून. ११ सप्टेंबर १९८५ रोजी ते जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून पार झालं. त्याआधी कुठलंही यान धूमकेतूपर्यंत पोहोचलं नव्हतं.