घर पाठवलं, सामान राहिलं

पडद्यावर दिसतेय ती साधी लाकडी खुर्ची. आभासी माणसांची घरं आणि आयुष्य रचायच्या 'द सिम्स ४' या कॉम्प्युटर गेममध्ये ती मुळात नव्हती. कुणीतरी ती घडवली आणि हवी त्याला घेऊ दिली.

अशी खुर्ची शून्यातून बनत नाही. सिम्स ४ स्टुडिओ या मोफत साधनात गेममधल्याच एखाद्या खुर्चीची प्रत काढतात. बसण्याची सोय त्या प्रतीबरोबर आयतीच येते. मग तिचा मेश, म्हणजे आकार, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नेऊन बदलायचा, त्यावर लाकडाचं टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, चढवायचं, चार रंगांचे स्वॉच, म्हणजे निवडायचे पर्याय, द्यायचे. एवढ्यावर काम संपत नाही. कॅमेरा लांब गेला की गेम त्याच वस्तूचा कमी तपशिलाचा मेश दाखवतो आणि सावलीसाठी आणखी वेगळा वापरतो. तो बदलायचा राहिला, तर नव्या खुर्चीखाली जुन्या खुर्चीची सावली पडते. चांगला क्रिएटर, म्हणजे अशा वस्तू घडवणारा, ही सावलीसुद्धा तपासतो. माझ्या लेखी त्याची पारख इथंच होते.

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात 'सिम्स'चे जनक विल राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना सुचलेल्या कल्पनेतून २००० साली पहिला 'सिम्स' आला. घर रचणं या गेमच्या मुळातच आहे.

आता ही खुर्ची एका बिल्डरच्या, म्हणजे गेममध्ये घरं बांधणाऱ्या खेळाडूच्या, हाती लागते. ३० बाय २० चौकटींच्या लॉटवर, म्हणजे गेममधल्या भूखंडावर, त्यानं घर बांधलंय. मूव्हऑब्जेक्ट्स हे चीट, म्हणजे गेमचे नियम सैल करणारी आज्ञा, वापरलं की वस्तू एकमेकींत घुसवून मांडता येतात, कोपरे छान भरतात. फोटोत सगळं देखणं दिसतं, पण सिमला, म्हणजे गेममधल्या माणसाला, खुर्चीपर्यंत पोहोचायला वाटच नसेल तर तो हातवारे करत उभा राहतो. म्हणून घर देण्याआधी त्यात एक कुटुंब राहायला ठेवून बघावं. जेवू दे, झोपू दे, अंघोळ करू दे.

मग घर गॅलरीत, म्हणजे खेळाडूंनी आपली घरं एकमेकांना द्यायच्या गेममधल्याच जागेत, चढतं. गॅलरी घराची रचना पाठवते. बाहेरून आणलेलं सामान, ज्याला सगळे सीसी म्हणतात, ते मात्र पाठवत नाही. ज्याच्या मॉड्स फोल्डरमध्ये, म्हणजे असं सामान ठेवायच्या जागेत, खुर्चीची पॅकेज फाइल नाही, त्याच्याकडे खुर्चीच्या जागी दुसरंच काही येतं किंवा काहीच येत नाही. दोष घराचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. यादी दिलेली नसते, एवढंच.

यादी द्यायचं काम कंटाळवाणं आहे, खरंय. कोणती वस्तू, कुणाची, कुठून घ्यायची, गेमचा कोणता एक्स्पान्शन पॅक, म्हणजे वेगळा घ्यायचा विस्तार, लागतो, हे सगळं लिहावं लागतं. त्यापेक्षा सगळ्या फाइल एकत्र बांधून देणं सोपं. पण बऱ्याच क्रिएटरांनी आपलं काम दुसरीकडे चढवायला साफ मनाई केलेली असते. त्यांच्या अटी वाचाव्यात, लिंक त्यांच्याच पानाची द्यावी. त्यांच्या श्रमाचं मोल बहुतेकदा तेवढंच असतं. ते काम आपलं म्हणून विकणं तर चोरीच.

गेमचा मोठा अपडेट आला की मॉड्स आपोआप बंद होतात. ते पुन्हा चालू केल्यावरही काही जुन्या वस्तू बिघडलेल्या निघतात आणि क्रिएटर पुन्हा कामाला बसतो. काहीजण तर आधीच लिहून ठेवतात: मी हे सोडून गेलो, तर माझ्या फाइल दुरुस्त करून पुढे द्यायला माझी परवानगी आहे.