उणे वीसपेक्षा शून्य वाईट : बर्फाच्या गावी जाणाऱ्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आईबाबांसाठीपण

माइक मागे ऐकू येतोय ना? फॅनचा आवाज आहे म्हणून विचारते. हां, तर आज समोर बसलेल्यात बरेच आईबाबा आहेत आणि बाकीची ती पोरं ज्यांची कॅनडाची तिकिटं निघाली आहेत, कोणी टोरांटो, कोणी कॅल्गरी, कोणी विनिपेग. आत येताना फोंड्यातल्या, म्हापशातल्या सगळ्यांनी मला एकच विचारलं, उणे तीसमध्ये माणूस जगतो कसा? जगतो हो. आरामात जगतो, बस पकडतो, कामाला जातो, आईस्क्रीमपण खातो. मी ओटावात बरेच हिवाळे काढले त्यावरून सांगते, उणे वीस-पंचवीसचा दिवस तसा सरळ असतो. आभाळ निळं, बर्फ कोरडा, जॅकेटवर पडला तरी झटकला की गेला, बुटाखाली करकर वाजतो पण पाय फारसा सरकत नाही. मला धास्ती असायची ती शून्याची. अधिक तीन, उणे दोन, असल्या आकड्यांची. इथे बसून आई फोनवर ते बघते आणि म्हणते, चला, थंडी कमी झाली एकदाची, आणि नेमकं त्याच दिवशी पोरगं पार्किंगमध्ये आपटतं.

काय होतं, दुपारी ऊन पडतं, रस्त्याकडेचे ढीग वितळतात, पाणी फुटपाथवर पसरतं, संध्याकाळी पारा शून्याखाली उतरला की त्याच पाण्याचा पातळ थर गोठतो आणि तो दिसतच नाही, कारण पारदर्शक असतो, खालचं डांबरच दिसतं. ब्लॅक आइस म्हणतात तो हाच. पुलावर तर तो आधी धरतो कारण पुलाला खालूनपण वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही. मग रस्त्यांवर मीठ मारतात. साधं मीठ साधारण उणे दहाच्या आसपासपर्यंत कामाचं, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड वगैरे वापरतात नाहीतर नुसती वाळू टाकतात, पायाला पकड मिळावी म्हणून. ह्या मिठाने गाडीचा पत्रा खाल्ला जातो आणि बुटांवर पांढरे डाग येतात, ते व्हिनेगर आणि पाण्याच्या फडक्याने निघतात, पण त्याच संध्याकाळी पुसायचे, रविवारी बघू म्हटलं की संपलं.

चालायचंसुद्धा शिकावं लागतं, हसू नका. छोटी पावलं, पाऊल सपाट टेकवायचं, वजन पुढच्या पायावर, गुडघे जरा सैल आणि हात खिशात घालायचे नाहीत, पडताना हात मोकळे पाहिजेत, म्हणजे हातमोजे लागणारच. आणि फोन बघत चालणं बंद.

आता सगळ्यात वाईट प्रकार, फ्रीझिंग रेन. वर हवेत एक उबदार थर असतो, त्यातून येताना बर्फ वितळून पाऊस होतो, पण जमिनीलगत थोडासाच थर शून्याखालचा असतो, तेवढ्यात थेंबाला परत गोठायला वेळ मिळत नाही, तो पाणी म्हणूनच खाली येतो आणि ज्याला लागेल त्याच्यावर तिथल्या तिथे गोठतो. झाडाची फांदी, विजेची तार, घराची पायरी, गाडीचं हँडल, काहीही. १९९८ च्या जानेवारीत ५ ते १० तारखेच्या दरम्यान ओटावा, मॉन्ट्रियल आणि आजूबाजूच्या सगळ्या पट्ट्यात हे झालं. मोठमोठे लोखंडी टॉवर त्या वजनाने कोसळले, लाखो लोकांची वीज गेली, क्वेबेकच्या काही भागांत कित्येक आठवडे आली नाही, सैन्य बोलवावं लागलं. आणि तापमान काय होतं, तर शून्याच्या जरासं खाली. टोरांटोत २०१३ च्या नाताळच्या तोंडावर तसंच झालं, आणि २०१८ ला चक्क एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे आपण इथे कैऱ्या संपवून आंब्याची वाट बघत असतो तेव्हा.

तिथलं सरकार सांगतं की घरात ७२ तास पुरेल एवढं सामान ठेवा. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरणाऱ्या घरातल्या पोरांना हे वेगळं शिकवायला नको खरं तर, पण पोरं बिनधास्त असतात, फ्रिजमध्ये अर्धा पिझ्झा आणि सॉसची बाटली. पिण्याचं पाणी, टॉर्च, सेल, पॉवर बँक, न शिजवता खाता येईल असं काहीतरी, गोळ्या-औषधं, जाड ब्लँकेट, एवढं एका पेटीत भरून ठेवा. आणि वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात आणायचा नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. १९९८ मध्ये जी माणसं गेली त्यात ह्याने गेलेलीही होती. गाडीचंपण तेच, सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलेलं असताना आत हीटर लावून बसायचं नाही, आधी उतरून ते मोकळं करायचं.

कपड्यांचं पटकन सांगते कारण यूट्यूबवर ढिगाने आहे. आत अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने भिजतं आणि भिजलेलंच राहतं, मग आतूनच थंडी भरते. जीन्स बर्फात बेकार. इथून दोन हजारांचं गुबगुबीत जॅकेट नेऊ नका, थर्मल न्या, जॅकेट आणि बूट तिथे घ्या, सेकंडहँड दुकानातपण चांगले मिळतात. जानेवारीत जाणाऱ्यांनी मात्र एअरपोर्टपासून घरापर्यंतची सोय करून जा, आपल्या मोपाच्या विमानतळावर टी-शर्टमध्ये चढलेलं पोरगं तिकडे टी-शर्टमध्येच बाहेर येतं. आणि बूट वॉटरप्रूफ हवेत, हे परत सांगते, कारण उणे वीसला पाय कोरडा असतो, शून्याला तो घोट्यापर्यंत चिखलबर्फात असतो.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. उणे दहा आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे अंगाला उणे वीस. हा वाऱ्यासकट अंगाला लागणारा आकडा, त्याला विंड चिल म्हणतात, उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. बोट, कान, नाकाचा शेंडा पांढरा पडून बधिर झाला तर चोळायचं नाही, आपल्या माणसांना चोळायची फार हौस. कोमट पाण्यात धरायचं, साधारण अंगाच्या तापमानाच्या, आणि बरं नाही वाटलं तर डॉक्टर.

बर्फ काढणं. भाड्याचं घर बघतानाच विचारा की दारातला बर्फ कोण काढणार, नंतर त्यावरून भांडणं होतात. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलो किंवा कमीच भरतो, ओला ३०० च्याही पुढे जातो, म्हणजे परत शून्याच्या आसपासचाच त्रास. उचलू नका, ढकला, थोडा-थोडा काढा, थांबत काढा. बर्फ उपसताना हार्ट अटॅक येतात ही तिथे दर हिवाळ्याची बातमी आहे, तेव्हा इथून पोरांना भेटायला जाणाऱ्या बाबांनी उगाच उत्साहाने फावडं हातात घेऊ नये, बायपास झालेल्यांनी तर नाहीच नाही.

घराच्या आत वेगळीच गंमत. हीटरने हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं, टाचा फुटतात, दाराची मूठ धरली की विजेचा बारीक चटका बसतो. हवेत ओलावा सोडणारं यंत्र, ह्युमिडिफायर, घ्या. खोबरेल तेल बाटलीतून न्याल तर ते गोठून आतच बसेल, २४ अंशांखाली ते घट्ट होतं, रुंद तोंडाच्या डबीत न्या. त्यापेक्षा मुठेलचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा न्या, सांडत नाही, टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही, तिथली महागडी क्रीम मी सगळी लावून बघितलीत.

आता मार्च. इथे शिगमोचे ढोल वाजत असतात आणि तिकडे रात्री उणे आठ, दुपारी अधिक सहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे ओटावा-टोरांटोवाल्यांशी साडेदहा तासांचा फरक साडेनऊचा होतो, फोन लावताना लक्षात ठेवा, पोरं झोपलेली असतात. रस्त्यात खड्डे पडतात, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, भेगेत शिरून रोज रात्री फुगलं की डांबर उखडतं, तिथेपण लोक खड्ड्यांवरून म्युनिसिपालटीला शिव्या घालतात, बरं वाटलं मला ते ऐकून. छपरावरून बर्फाचे सुळे आणि लाद्या पडतात, भिंतीला चिकटून चालू नका. बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांनी सामान जमिनीवर ठेवू नका, वितळलेलं पाणी आत येतं. तळ्यावर, नदीवर अजून बर्फ दिसतो पण तो आतून पोकळ झालेला असतो, मित्र गेले म्हणून जायचं नाही. ओटावाच्या रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट करतात, तिथली माणसं जाडी मोजून मगच ती उघडतात, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर बर्फ पुरेसा धरलाच नाही म्हणून ती एकदाही उघडली नाही. १९७१ पासून असं पहिल्यांदाच.

ह्याच वर-खाली हवेचा एक फायदापण आहे. रात्री शून्याखाली, दिवसा शून्यावर, असं झालं तरच मेपलच्या झाडातून रस वाहतो. ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर काकवी, म्हणजे सिरप. मार्च-एप्रिलात जवळपासच्या शुगर शॅकला, म्हणजे जिथे हा रस आटवतात तिथे, जरूर जा, महिनोन्‌महिने घरात कोंडलेली माणसं तिथे पहिल्यांदा मोकळी हसताना दिसतात.

कॅल्गरीला जाणाऱ्यांचं वेगळं, तिथे भर जानेवारीत चिनूक वारा डोंगरावरून उतरतो आणि काही तासांत पारा वीसेक अंशांनी चढतो, लोक शर्टात फिरतात, काहींचं डोकं दुखतं, आणि दोन दिवसांनी परत उणे पंधरा. सकाळी निघताना दिवसाचा नुसता एक आकडा बघायचा नाही, तासातासाचा बघायचा.

टायर. साधं रबर ७ अंशांखाली कडक होतं, म्हणून विंटर टायर. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच लागतात, पण शहाणी माणसं १६ मार्चला काढत नाहीत, तो २०१८ चा एप्रिल आठवा. बागवाले टोमॅटोची रोपं व्हिक्टोरिया डेनंतरच बाहेर लावतात, तो मेच्या २५ तारखेआधीचा सोमवार. जॅकेट आत टाकायला तुम्हीपण तीच तारीख धरा, आणि टाकण्याआधी खिसे बघा, मिठाचे खडे असतात. हां, विचारा, त्या खिडकीजवळच्या काकी मघापासून हात वर करून बसल्यात.